होडीवरचे जाम झालेले स्टेनलेस बोल्ट: ओढण्याआधी ओळखा

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. होडी फायबरची, शिडाची, डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची. डोलकाठीच्या बुडाच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव तुकड्यात, एम८ चे (आठ मिलिमीटर व्यासाचे) चार स्टेनलेस बोल्ट आहेत. आठवडाभर तेलाचा स्प्रे मारून, शेवटी पान्याला पाइप लावून जोर केला तेव्हा एकाचं डोकं तुटून हातात आलं आणि उरलेले तीन जागचे हलत नाहीत. दुसरीकडे डेकवरच्या कठड्याच्या खांबांचे नट अर्धे सुटून मध्येच अडकलेत, पुढेही जात नाहीत आणि मागेही येत नाहीत. तुम्ही दोन्हींना ‘गंजून जाम झालेत’ म्हणता. यातला एकही रोजच्या अर्थाने गंजलेला नाही, आणि दोघांचा इलाज एकमेकांच्या उलट आहे. पहिल्याला वेळ आणि उष्णता लागते. दुसऱ्यावर वेळ घालवणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

डोलकाठीपासून सुरू करतो. ती उतरवून आडवी ठेवलेली आहे असं धरून चाललोय. उभी असेल तर या बोल्टना हातसुद्धा लावू नका.

स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यांची बॅटरी तयार होते. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि स्टेनलेस मजेत राहतं. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, आणि आट्यांमध्ये जागा कुठून येणार? ती दाबून दाबून बसते, दगडासारखी होते. बोल्टच्या डोक्याभोवती रंगाला फुगे आलेले किंवा मिठासारखी पांढरी कड दिसली तर हेच झालंय असं समजा. म्हणजे तुमचा बोल्ट धरला गेलाय तो भोवतीच्या या पांढऱ्या सिमेंटमुळे, बोल्ट स्वतः धडधाकट आहे. हे सिमेंट फोडायचं आहे. पीळ देऊन ते फुटत नाही, बोल्ट तुटतो.

का तुटतो त्याचा हिशोब करून बघा. अशा स्टेनलेस बोल्टच्या डोक्यावर सहसा ए४-७० असा शिक्का असतो. या वर्गाचा एम६ बोल्ट किमान १३ न्यूटन-मीटर, एम८ किमान ३२ आणि एम१० किमान ६५ न्यूटन-मीटर पीळ सोसेल एवढीच हमी आयएसओ ३५०६ हे मानक देतं. आता वीस सेंटिमीटरच्या पान्यावर दहा किलोचा जोर दिला की २० न्यूटन-मीटर झाले, म्हणजे एम६ तिथेच धोक्यात. पाइप लावून हात अर्ध्या मीटरचा केला की तेवढ्याच जोरात ५० होतात. तुमचा एम८ तुटला यात नवल नाही. पाइप हे एम१२ च्या पुढचं हत्यार आहे. त्याखाली तो घरीच ठेवा.

उरलेल्या तिन्हींसाठी घाई नको. आधी डोक्याभोवतीचा रंग, सीलंट, भुकटी टोकदार हुकाने खरवडून काढा, म्हणजे तेलाला वाट मिळेल. मग बोल्टच्या डोक्यावर सरळ, अक्षाच्या दिशेने हातोडीचे ठोके द्या. जोरदार नकोत, खणखणीत हवेत, दहा-पंधरा. कास्टिंगच्या खाली आधार द्या, नाहीतर कास्टिंगला तडा जाईल. त्या धक्क्याने भुकटीच्या थराला बारीक चिरा पडतात. मग तेल.

कुठलं तेल, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत असं की डब्ल्यूडी-४० या कामाला दुबळं आहे. त्याच्या नावातली दोन इंग्रजी अक्षरं ‘पाणी हटवणारं’ या शब्दांची आहेत, आणि ते काम ते छान करतं. इथे मुरणारं, झिरपणारं तेल हवं. ते नसेल तर अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल समसमान घ्या. दोन्ही एकमेकांत विरघळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून मगच थेंब टाका. अ‍ॅसिटोन खिडकीचं अ‍ॅक्रिलिक क्षणात खराब करतं आणि रंगही सोडत नाही. ते भुर्रकन पेट घेतं, म्हणून ज्या दिवशी अ‍ॅसिटोन त्या दिवशी आच नाही. एक साधा उपाय फारसा कोणी सांगत नाही: व्हिनेगर. तेल पांढऱ्या भुकटीला भिजवतं, पण व्हिनेगर तिला थोडंफार विरघळवतं. तेलाच्या आधी दोन दिवस व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं डोक्याभोवती गुंडाळून ठेवा, मग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून तेल सुरू करा. तेल लागलेल्या जागी व्हिनेगर शिरणार नाही, म्हणून क्रम हाच. तुमच्याकडे आठवडाभर स्प्रे झालाच आहे, तेव्हा आधी अ‍ॅसिटोनने तेल धुऊन काढा.

आणि मग खरं औषध, उष्णता. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेसपेक्षा जवळपास दीडपट फुगतं. आठ मिलिमीटरचं भोक १०० अंशांनी तापलं तर साधारण १८ मायक्रॉनने मोठं होतं आणि त्यातला बोल्ट तेवढाच तापला तरी १३ मायक्रॉनने. फरक पाच मायक्रॉनचा. केसाच्या दहाव्या भागाएवढाही नाही, हसू येईल इतका. पण एवढ्या हालचालीला ती भुकटी तडकते. पुन्हा थंड झालं की चिरेतून तेल आत ओढलं जातं. पुन्हा तापवा, पुन्हा थंड करा. एका फेरीत क्वचितच सुटतं, चार-पाच फेऱ्यांत बहुधा सुटतं. स्टेनलेस उष्णता फार हळू वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणून आच बोल्टच्या डोक्यावर नको, भोवतीच्या कास्टिंगवर द्या.

किती तापवायचं? हीट गन पुरते. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की थांबा. डोलकाठीचं अ‍ॅल्युमिनियम उष्णताप्रक्रिया करून कडक केलेलं असतं, २०० अंशांच्या वर ते आपली ताकद गमावू लागतं आणि ती परत येत नाही. गॅसची ज्योत वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: लोखंड लाल होऊन इशारा देतं, अ‍ॅल्युमिनियम देत नाही. रंग तसाच राहतो आणि एकदम ओघळतं. फायबरच्या जवळ तर ज्योत नकोच, राळ त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते.

गरम असताना मेणबत्तीचं मेण डोक्याच्या कडेला टेकवून बघा. ते वितळून आट्यांत ओढलं जातं. जुने मेकॅनिक हे करत आलेत आणि मला ते स्प्रेपेक्षा जास्त आवडतं, कारण ते उडून जात नाही आणि आगीचा धोकाही कमी.

आता फिरवायचं. सहा कोनांचा सॉकेट घ्या, बारा कोनांचा डोकं गोल करतो. पहिला झटका सोडवण्याच्या दिशेने देऊ नका. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेला, मग उलट. एक अंश जरी हलला तरी जिंकलात. मग लगेच पूर्ण सोडवायला जाऊ नका, पाव फेरी मागे, थोडं पुढे, तेलाचा थेंब, पुन्हा मागे. भुकटीचा कीस आट्यांत अडकून दुसऱ्यांदा जाम होतो आणि त्या वेळी बोल्ट अर्ध्यात तुटतो. ‘सुटला!’ म्हणून आनंदाने पाना फिरवत सुटलेल्या माणसाचे तुटलेले बोल्ट मी जास्त काढलेत.

डोलकाठीवर वरती छोटे स्क्रूही असतील, चिरेचे किंवा फुलीचे. त्यांना साधा स्क्रूड्रायव्हर लावला की खाच जाते. हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, तो एकाच क्षणी दाबतो आणि फिरवतो. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली तर पकड चांगली बसते. डोलकाठीची भिंत पातळ असते, तेव्हा आतून आधार मिळत नाही, ठोका बेताचा.

स्क्रू तरीही आला नाही तर त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा त्याचं डोकं ड्रिलने उडवून द्या. ऐकायला विध्वंसक वाटतं, पण डोकं गेलं की वरची फिटिंग उचलून निघते, ताण संपतो आणि हाती स्क्रूचा दोन-तीन मिलिमीटरचा खुंट राहतो. त्याला लॉकिंग प्लायरने पकडून, भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम तापवून फिरवा. डोक्यावरून जो हलत नव्हता तो खुंटावरून आश्चर्यकारक सहजपणे येतो, कारण अर्धी पकड डोक्याखालच्या थराची होती.

आता तुमचा तुटलेला एम८. तुटल्यावर खुंट वर राहिलाय का, की आतच तुटलाय? वर राहिला असेल तर सगळ्यात चांगला उपाय वेल्डिंगचा. खुंटावर एक माप मोठा स्टेनलेस नट ठेवायचा आणि नटाच्या आतून खुंटाला वेल्ड करायचा. स्टेनलेसचा वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे चुकून सांडला तरी कास्टिंगशी जोडला जाणार नाही. नट तर पकडायला मिळतोच, शिवाय वेल्डची आच थेट बोल्टमधून आत जाते आणि तो धक्का भुकटीला सहन होत नाही. मिनिटभर थांबा, कोमट असतानाच फिरवा. तेलाने भिजलेलं सगळं आधी पुसून घ्या, आणि कास्टिंग होडीवरून सुटं करता येत असेल तर सुटं करूनच वेल्ड करा. होडीवरच करावं लागलं तर बॅटरीच्या तारा काढा, सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं वेगळी करा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा.

आत तुटला असेल तर ड्रिल. इथे बहुतेकांचं बिघडतं, दोन कारणांनी.

पहिलं कारण, स्टेनलेस घासलं की कडक होतं. ड्रिल वेगाने फिरवून हलका हात ठेवलात तर ते कापत नाही, फक्त घासतं, आणि खालचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत आणि कडक होऊन बसतो. मग नवीन ड्रिलसुद्धा तिथे रडतं. वेग कमी आणि दाब भरपूर हवा. कोबाल्टचं ड्रिल, कापायचं तेल, ४ मिलिमीटरला मिनिटाला साधारण ९०० फेरे, ७ च्या आसपास ५००. लांब दोऱ्यासारखा कीस बाहेर आला पाहिजे. भुकटी आली किंवा किंचाळी ऐकू आली की थांबा. सेंटर पंचही एकच ठोका, चार वेळा ठोकलात तर तीच जागा कडक होते.

दुसरं कारण, स्टेनलेस कडक आणि शेजारचं अ‍ॅल्युमिनियम मऊ. ड्रिल नेहमी मऊ बाजूला सरकतं. अर्धा मिलिमीटर सरकलं की आट्यांची एक बाजू गेली. हाताने सरळ धरीन हा आत्मविश्वास इथे कामाचा नाही. लेथवर एक पोलादी बुश करून घ्या: बाहेरचा व्यास फिटिंगच्या (बोल्टने धरलेल्या वरच्या भागाच्या) भोकात घट्ट बसेल एवढा, आत बरोबर मध्यावर ४ मिलिमीटरचं भोक. फिटिंग परत जागेवर ठेवा, बुश त्यात बसवा आणि त्यातून ड्रिल करा. अर्ध्या तासाचं काम तुमचं कास्टिंग वाचवतं. उलट फिरणारं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, बऱ्याचदा भोक पाडता पाडताच तुकडा सुटून वर येतो.

मध्य साधलाय याची खात्री झाली की मोठं करत ६.८ मिलिमीटरपर्यंत न्या, एम८ च्या आट्यांचं भोक तेवढंच असतं. बोल्टचं पोट निघून जातं आणि आट्यांत स्प्रिंगसारखी गुंडाळी उरते. ती पंचाने आत मुडपून चिमट्याने ओढायची आणि टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ करायचे.

तुटलेला बोल्ट काढायच्या ईझी-आउटबद्दल तुम्ही विचारलंय. नको. तिरक्या आट्यांचं ते हत्यार बोल्टच्या भोकात घुसतं तेव्हा बोल्टला आतून फुगवतं, म्हणजे आधीच घट्ट असलेल्याला आणखी घट्ट करतं. शिवाय ते इतकं कडक आणि ठिसूळ असतं की आत तुटलं तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. शिकाऊ असताना मी एका डोलकाठीच्या बुडात ते तोडलं होतं. बोल्ट काढायला दोन तास लागले असते. ईझी-आउटचं टोक कार्बाइडच्या बरने कणाकणाने उकरायला दोन दिवस लागले, आणि भोक शेवटी एम१२ चं झालं. ताज्या तुटलेल्या, पण मुळात सैल असलेल्या बोल्टला ते चालतं. जाम बोल्टला नाही.

आता कठड्याचे नट. इथे अ‍ॅल्युमिनियम नाही, स्टेनलेसवर स्टेनलेस आहे. स्टेनलेस न गंजण्याचं कारण त्याच्यावरचा क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. आट्यावर आटा दाबून घासला की तो थर खरवडला जातो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि दोघे चक्क जुळून जातात, आचेशिवाय झालेलं वेल्डिंगच. ओळखायची खूण अशी: नट सुरुवातीला नीट फिरतो, मग दोन-तीन फेऱ्यांत जड होत जातो, हाताला गरम लागतो आणि थांबतो. नायलॉनची कडी असलेले नट असतील आणि ते मशीनने भरभर काढले असतील तर हमखास होतं. कडीचं घर्षण, त्यात वेग, त्यातून उष्णता.

जड होऊ लागल्याक्षणी थांबून, तेल सोडून, पाव पाव फेरीने मागे-पुढे केलं तर कधी वाचतं. पण ‘पुढेही नाही, मागेही नाही’ ही पायरी आली की संपलं. आत झिरपायला फटच नसते, धातू एकजीव झालेला असतो. महिनाभर तेल घाला, काही होणार नाही. नट आणि बोल्ट दोन्ही बाद झाले असं मानून कापायला घ्या. मला हे सांगताना लोकांचे चेहरे पडतात, पण खरं तर ही सोपी बाजू आहे, कारण इथे वाचवायचं असं काही नाही.

एम६ असेल तर कापूही नका. डेकवर डोकं पक्कं धरून नट घट्ट करण्याच्या दिशेला लांब पान्याने पिळा, तुटेल. वर दिलेला १३ न्यूटन-मीटरचा आकडा इथे तुमच्या बाजूने आहे. एम८ आणि वर असेल तर नट-स्प्लिटर, म्हणजे नट फोडायचं हत्यार. डेकखालच्या कपाटात तो शिरत नसेल तर नटाच्या एका सपाट बाजूवर, बोल्टला समांतर, पातळ चकतीने चीर पाडा, आट्यांपर्यंत जेमतेम, आणि छिन्नीच्या एका ठोक्याने नट उघडा. ग्राइंडरच्या ठिणग्या फायबरच्या चकचकीत थरात रुततात आणि त्यात लोखंडाचे कण असतील तर काही दिवसांत तांबूस ठिपके उमटतात. म्हणून ओलं फडकं पसरा, आणि कपाटात पेट्रोल, गॅस, जुने पेंटचे डबे काही नाही ना ते नाकाने आणि डोळ्याने तपासा. डेकच्या पातळीत बसवलेल्या डोक्याचे बोल्ट असतील तर वरून बोल्टच्या मापाचं ड्रिल डोक्यातून उतरवा. डोकं कडीसारखं सुटतं आणि बोल्ट खाली ठोकता येतो.

नट गेला तरी बोल्ट हलत नसेल तर त्याला सीलंटने धरलंय. पॉलियुरेथेन कुठल्याही तेलाने सुटत नाही, पण उष्णतेने मऊ पडतं. डेकवर हीट गन मात्र नको. मोठी सोल्डरिंगची डाखणी डोक्यावर काही मिनिटं टेकवून ठेवा, आच बोल्टमधून हळूहळू खाली जाईल. मग दुसरा नट अर्धवट उलटा चढवून, आटे वाचवत, खालून ठोका.

बाहेर आलेला प्रत्येक बोल्ट पुसून मधल्या भागात बघा, जिथे तो डेकच्या जाडीत होता. तिथे कंबर बारीक झालेली किंवा तपकिरी खड्डे पडलेले दिसले तर तो फक्त दिसायला बोल्ट होता. स्टेनलेसचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो. साचलेल्या पाण्यात, सीलंटखाली तो मिळत नाही आणि डोकं आरशासारखं असताना कंबर कुरतडली जाते. एक असा निघाला तर कठड्याचे सगळेच बदला, आणि डोलकाठीला धरणाऱ्या दोर-तारांचा ताण घेणाऱ्या पट्ट्यांचे बोल्टही त्याच हंगामात काढून बघा. त्या पट्ट्यांना हात लावण्याआधी डोलकाठीला दुसऱ्या दोरांनी तोलून धरा. पाण्याखालच्या कुठल्याही फिटिंगचा बोल्ट होडी पाण्यात असताना काढायचा नाही.

बसवताना डोलकाठीच्या बोल्टना टेफ-जेल किंवा ड्युरालॅक (दोन धातूंना वेगळं ठेवणारे लेप) लावा, लॅनोलिनही चालेल. ड्युरालॅक हातमोजे घालून लावा, त्यात क्रोमेट असतं. तांब्याचं ग्रीस अ‍ॅल्युमिनियमला लावू नका, मूळ रोगात आणखी एक धातू घातल्यासारखं होतं. डोक्याखाली नायलॉनचा वॉशर टाका. तुटलेल्या बोल्टच्या जागचे आटे साफ केल्यावरही सैल लागत असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा, त्याच्या बाहेरच्या बाजूलाही तेच जेल, कारण तीही स्टेनलेसचीच तार आहे. कठड्याचे नवे नट हातानेच, हळू, आट्यांना तेच जेल लावून चढवा.

आणि तुटलेल्याचा फोटो पाठवाल तेव्हा वरून नको, बाजूने काढा. खुंट किती मिलिमीटर वर आहे त्यावर वेल्ड की ड्रिल ते ठरेल.